दादाच्या खोलीतला उजेड

२० जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे. तुमच्या दोन खोल्यांत फोनवर काहीही बोललं तरी आईच्या कानावर जातंच. काल तिच्याशी बोलले. पाय कसा आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, पाय राहू दे, सप्तमी कधी ते सांग. बाथरूममध्ये पडल्यापासून तिने आपणहून काही विचारलं ते हे पहिलंच. म्हणून गळ घालते, की यंदाची रथसप्तमी चुकवू नका.

तुमच्या माहेरी हे नव्हतं, तेव्हा सांगून ठेवते. आईला उगवतीकडे तोंड करून बसवायचं. पाटावर रक्तचंदनाने सात घोड्यांचा रथ काढायचा. त्या दिवसापासून सूर्य रथ वळवतो आणि दिवस मोठा व्हायला लागतो, असं ती सांगायची. आंघोळीला डोक्या-खांद्यावर रुईची सात पानं. मग तांब्याने अर्घ्य. आणि बोळक्यात दूध तापवून ते उतू जाऊ द्यायचं, म्हणजे वर्षभर घरात काही कमी पडत नाही. एरवी दूध उतू गेलं की आई घर डोक्यावर घ्यायची. त्या एका दिवशी मात्र स्वतःच हसत बघत बसायची.

दादाला म्हणावं, लोकांच्या कवळ्या बनवण्यातून जरा डोकं वर काढ.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
छबू


२६ जानेवारी

चि. सौ. छबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग भांडी जरा जोरात घासली. उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. आता खालची हकीकत ऐक.

लिफ्ट बंद आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर, गच्ची सहाव्याच्या वर. आईंना खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं, तर गच्चीला कुलूप. किल्ली मागायला गेले, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, गच्चीवर विस्तव चालणार नाही. विस्तव नको, नुसतं पाणी घालतो म्हटलं, तर म्हणाले, पाण्याने गळती होते. मग देवाला काय, अर्ज घालू का? रुईची पानं विचारली तर फुलवाला म्हणाला, बाई, मागवून देतो, पण हार केवढ्याचा करायचा ते सांगा.

हे मी कारखान्यातून आल्यावर करते. दिवसभर शर्टांच्या कॉलरी तपासून मान मोडते. घरी आले की आईंचं अंग पुसणं, औषधं आणि व्यायामासाठी मिनतवाऱ्या. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलं आहे, आता चालायला हवं. आई म्हणतात, उद्या. रोज उद्या. मी ओरडले की भिंतीकडे तोंड करून झोपतात, आणि मग मलाच जेवण जात नाही.

तुझा दादा यात कुठे आहे, असं विचारू नकोस. तो दातांत आहे.

मुलांना पापे. राग मानलास तरी पत्र पाठव.
तुझी वहिनी


३० जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

राग मानला नाही, असं लिहिणार होते. पण मानला आहे. मला एवढंच सांगा, तुमच्या घराला उगवतीकडे खिडकीच नाही का? मला आठवते ती आहे. चांगली भिंतभर मोठी. तिच्याखाली दादाचं टेबल आहे आणि आईची कॉट मात्र आतल्या, हवेपुरता झरोका असलेल्या खोलीत. त्या एका सकाळपुरतं टेबल सरकवलं तर लोकांचे दात पडतील का? त्यांचे तर आधीच पडलेले आहेत.

दादाला मी हे फोनवर बोलले. तो म्हणाला, दाताचा रंग दिव्याखाली फसतो, सकाळच्या उजेडातच जुळतो. म्हणजे त्याचंही पोट सूर्यावरच आहे आणि सूर्य त्याचा आधी, मग आईचा. पुढे म्हणाला, एवढी कळकळ असेल तर येऊन कर. मी फोन ठेवून दिला.

तुम्ही तरी त्याला समजवा. चिडक्या नणंदेला पदरात घ्या.
छबू


८ फेब्रुवारी

चि. सौ. छबूस,
अनेक आशीर्वाद.

सप्तमी झाली. कशी, ते सांगते.

आदल्या दिवशी मी तुझ्या दादाला म्हटलं, टेबल तू सरकवतोस की मी सरकवू? मी सरकवलं तर प्लास्टरचे साचे कोणाचे कोणते, ते मला कळणार नाही. मग त्याने सरकवलं. सकाळी आईंना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. रथ मी काढला. घोडे शेळ्यांसारखे झाले, पण सात होते. रुईची पानं आईंच्या नशिबाने नाक्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर मिळाली. बोळकं ठेवायला जागा नव्हती, तेव्हा तुझ्या दादाच्या मेण वितळवायच्या बर्नरवरच ठेवलं. तो दात-ओठ खात उभा होता.

आणि सूर्यच आला नाही. नुसतं मळभ. आई तांब्या धरून बसल्या. मी म्हटलं, आई, घाला पाणी, ढगाआड आहेच तो. तर माझ्यावर नाही, सूर्यावर चिडल्या. म्हणाल्या, जन्मभर याला पाणी दिलं, आज एकदा तोंड दाखवायला काय धाड भरली आहे?

आम्ही सगळे आभाळाकडे बघत राहिलो आणि दूध उतू गेलं. अगदी शास्त्राप्रमाणे पूर्वेला गेलं, पण पूर्वेला मेणात बसवलेली एक कवळी होती. गरम दुधाने मेण सुटलं आणि दात टेबलभर तरंगत निघाले. कवळी कोणाची? सेक्रेटरींची. त्या दिवशी तोंडात बसवून बघायला द्यायची होती.

तुझा दादा जसा ओरडला, तसा ओरडलेला मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. एका पूजेपायी माझं काम बुडवलं, म्हणाला. एवढं काय अडलं होतं, म्हणाला.

आई शांतपणे म्हणाल्या, की आतल्या खोलीत डोळे उघडले की सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही. चूळ भरायची की निजायचं, हे कोणी आत आलं म्हणजेच समजतं. तुम्ही चाल म्हणता. कुठल्या वेळेत उठून चालू? एक दिवस तरी दिवस उजाडलेला बघावा, म्हणून सप्तमी सप्तमी करत होते.

छबू, मी रोज त्यांना उठा म्हणत होते, आणि खोलीत मात्र दिवाच लावत होते.

तुझ्या दादाने टेबल पुसलं. दात गोळा केले. दुपारी कॉट पुढच्या खोलीत आणली आणि टेबल आत नेलं. तुला वाटेल, गोष्ट संपली. कसली संपते! दिव्याखाली जुळवलेला पहिलाच रंग फसला, गिऱ्हाईक कवळी तोंडावर फेकून गेलं. तो तेव्हापासून धुमसतो आहे. आईंना त्याचं धुमसणं ऐकू येतं, म्हणून त्या आत जाते म्हणतात. मी दोघांच्या मध्ये वैतागले आहे. खिडकी एक आणि माणसं दोन.

तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, तिला म्हणावं, विधी मला पाठ आहे. तू बस-स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून अख्ख्या गावाला गाड्या सांगतेस, तुला इकडची गाडी सापडत नाही का, असं विचार म्हणाल्या. मी विचारलं.

तुझी, थकलेली पण तुझीच,
वहिनी


१२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शनिवारी येते. रजा मागितली, साहेब नाही म्हणाले, मी अर्ज टेबलावर ठेवून आले.

आमचं घर तळमजल्यावर आहे, पुढे ओटा आहे आणि समोर काही नाही. हे मला आजवर सुचलं नाही असं नाही. आई पडलेली बघवेल का, याचीच धास्ती होती, म्हणून लांबून रथ काढायला सांगत बसले. तिला चारसहा महिने इकडे नेते. दादाला त्याची खिडकी मिळेल आणि तुम्हाला पाठ टेकायला वेळ. तिला आधी सांगू नका. मीच येऊन विचारते. नाही म्हणाली तर आतल्या खोलीत मी झोपेन आणि तुम्हाला आणखी एक ताप होईल.

काल फोनवर तिने सांगितलं, की ती कॉट धरून खिडकीपर्यंत जाऊन उभी राहिली. किती वेळ, ते सांगितलं नाही. तुम्ही कारखान्यात होता. दादाने पाहिलं आणि तो आत गेला, असं ती म्हणाली. तुम्ही तिला ओरडू नका. दादालाही नको.

लोभ आहे, तो भांडणासकट राहू द्या.
तुमची छबू