पुन्हा घडत नाही

३ जून, सोमवार
जयनगरच्या ऑफिसात पहिला दिवस. खालच्या दर्शिनीतला, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलातला, सेट डोसा झकास, खुर्ची खिडकीपाशी, आणि कामही मनासारखं. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कुठलं काम कुठल्या रिलीजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कुठल्या नव्या आवृत्तीत जाईल, ते आता मी ठरवणार. बॅकलॉगमध्ये सहाशे कामं तुंबलीत. टीमचे प्रमुख संपत सर म्हणाले, मेदिनी, ही यादी आहे की लग्नाचं वऱ्हाड? निम्म्यांना न जेवताच वाटेला लाव.

५ जून, बुधवार
तळाशी तीन वर्षांपूर्वीची एकोणीस नंबरची तक्रार सापडली. सिस्टर लिसम्मा नावाच्या नर्सने लिहिलंय, पंप मधेच आपोआप वेग वाढवतो. काम किती मोठं, याच्या अंदाजासाठी टीममधल्या पाचही जणांनी आकड्यांचे पत्ते टाकले. सगळ्यांचे चाळीस. आमच्या एका रिलीजच्या पंधरवड्यात तीसच बसतात, म्हणून ती दरवेळी पुढच्या रिलीजवर ढकललेली. टीममधल्या यतीशने दोन तास पंप चालवून पाहिला, काही झालं नाही. मी ‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा मारून ती बंद केली. यादी आटोपशीर दिसली की मला जेवण गोड लागतं.

१० जून, सोमवार
एकोणीस परत उघडी. खाली लिसम्माच्या नावाने नवा मजकूर: घडवून दाखवते. पायरी एक, बेड चार, सकाळी अकरा. यतीश म्हणाला, कुणीतरी तुझी फिरकी घेतंय. मी चिडून परत बंद केली.

११ जून, मंगळवार
लिसम्माच्या हॉस्पिटलचा फोन. बेड चारवरचे आजोबा काल अकराला गेले. मी लिसम्माचा नंबर मागितला. ती वर्षापूर्वीच वारली म्हणे. त्याच वॉर्डात, आमच्याच पंपावर.

१४ जून, शुक्रवार
एकोणीस पुन्हा उघडी. पायरी दोन, बेड नऊ, दुपारी दोन. मी फोन करून विनवलं, पंप काढा. त्यांनी हसण्यावारी नेलं. सव्वादोनला त्यांचाच फोन. बेड नऊवरची बाई गेली. तिशीची होती.
संपत सरांपुढे रडले. एकोणीस याच रिलीजमध्ये घ्या. ते म्हणाले, ग्राहकाला तारीख दिलीय, आता भर नको. पुढच्या वेळी सगळ्यात वर ठेवू.
तक्रार मी बंद केली होती. मी.

१९ जून, बुधवार
डेंग्यू. मला बेशुद्धीत आणलं. कुठे, ते भिंतीवरचं त्याच हॉस्पिटलचं नाव वाचून कळलं — डाव्या हातात सुई, शेजारी आमचा पंप. फोनवर एकोणीस उघडी. पायरी तीन, बेड बारा. वेळ नाही लिहिलेली.
मी बारावर.

२० जून, गुरुवार
सुई ओढून काढली — परत लावली. नर्स म्हणाली, मॅडम, हट्ट करू नका, डॉक्टर राउंडला आले की विचारते.
संपत सरांचा मेसेज. एकोणीस घेतली. सोमवारी जाईल.
पंपावर वेगाचा आकडा पाच. पाच.
पंपाची घंटी वाजली, नर्सने बंद केली. आकडा आठ. ती गेलीसुद्धा — हाक निघत नाही —
अकरा.
यतीश, कारण दिसलं. सोपं आहे, चाळीसचं नाहीच. घंटी बंद करायचं बटण दाबताना जर दुसरं —