दुसऱ्या टाकीचं टोपण

अप्पा, आपल्या जीपच्या दुसऱ्या टाकीबद्दल तुम्हाला लिहायचं असं मी कितीदा ठरवलं आणि कितीदा सोडून दिलं. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली. पण आज तो दिवस असा डोळ्यांपुढं उभा राहिला की समोरचा चहा निवला तरी मी लिहीतच बसले आहे. लढाई संपल्यावर सैन्याच्या लिलावातून तुम्ही ती जीप आणलीत, तेव्हा आपलं सगळं देशपांडे नगर बघायला लोटलं होतं! चारही चाकांना इंजिनाचा जोर, चिखल असो की चढ, कुठं म्हणून अडायची नाही. आईनं मात्र कपाळाला हात लावला. "डॉक्टरांना शोभेल अशी गाडी आणायची सोडून हे काय बिनदाराचं धूड आणलंत?" तुमचं उत्तर तयार होतं. "अगं, पेशंट रानात राहतात, मग गाडी रानात जाणारी नको काय?"

कलघटगीच्या पुढं सगळं रान, तिथं पेट्रोल मिळत नसे, म्हणून आपल्या गावच्या कमरीपेठेतल्या मिस्त्रीकडून तुम्ही मागच्या अंगाला दुसरी टाकी बसवून घेतलीत. दोन्ही टाक्यांच्या नळ्या एका पितळी तोटीला आलेल्या. तोटी इकडं फिरवली की जुनी टाकी, तिकडं फिरवली की नवी. मी सतरा वर्षांची, कॉलेजात नुकती गेलेली, आणि तोटी फिरवायचा मान माझा! त्यातून रायापूरच्या रस्त्यावर तुम्ही मला गाडी चालवायला शिकवत होता, त्यामुळं माझे पाय जमिनीला लागत नव्हते. नव्या टाकीच्या टोपणात मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. आता आपल्या घरात उघडं काही राहत नसे. पाणी, जखम, औषधाची बाटली, सगळं झाकायचं, हा तुमचा कायदा. मी दवाखान्यातून चिकटपट्टी आणली आणि ते भोक दुहेरी बंद करून टाकलं. रस्त्याची तांबडी धूळ आत जायला नको! तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं मला काही वाटलंच नाही.

दोनच दिवसांनी दुपारी तो माणूस आला. कलघटगीच्या पुढच्या रानातला. बायको दोन दिवस अडली होती, मूल काही बाहेर येत नव्हतं. कंपाउंडर रजेवर, म्हणून बॅग धरायला मी निघाले. तो मागं बसला, पटका सोडून मांडीवर घेतलेला. "लगू होगोणरी," लवकर चला, एवढंच तो कानडीत अधूनमधून म्हणायचा. नव्या टाकीची परीक्षा घ्यायची म्हणून तुम्ही रेशनच्या कुपनांवर मिळालेलं सगळं पेट्रोल तिच्यातच ओतून ठेवलं होतं. कलघटगी मागं पडली आणि जुनी टाकी संपली. तुम्ही म्हणालात, "हं, फिरव." मी तोटी फिरवली. जीप झकास धावू लागली, आणि दोन मैलांवर खोकली, गचके दिले, थांबली.

तुम्ही टोपण काढून टाकीत काडी घातलीत. पेट्रोल काठोकाठ. टोपण लावलंत, पेट्रोलच्या पंपाखालची, गाळ साठणारी काचेची वाटी काढून पुसलीत. इंजिन सुरू! आपण दोघं ओरडलोच. पुन्हा दोन मैल, पुन्हा खोकला. आता तुम्ही नळीत तोंडानं फुंकर मारता आहात आणि मी टोपण काढून टाकीत बुडबुडे ऐकते आहे. बुडबुडे येतात, टोपण बसवते, इंजिन सुरू! "डॉक्टरनं हात लावला की बरा होणारा पेशंट दिसतोय," तुम्ही म्हणालात. तिसऱ्यांदा जीप थांबली तेव्हा तुम्ही थट्टा सोडलीत. बॅगेतून स्टेथोस्कोप काढलात, मला किल्ली मारायला लावलीत आणि तो पंपाला लावून डोळे मिटून ऐकलंत! "हृदय ठीक आहे," म्हणालात. "हे बघ, आपण दर वेळी दोन दोन औषधं दिली. लागू कुठलं पडलं, कळणार कसं? आता एका वेळी एकच." आधी फक्त वाटी पुसली. गाडी ढिम्म. मग नळी फुंकायला वाकलात, तर मी म्हटलं, "अप्पा, टोपण दोन्ही वेळा काढलं होतं. तेवढंच करून बघू या की." मी टोपण फिरवलं आणि सूंऽऽ करून हवा आत शिरली. अप्पा, तो आवाज! अजून अंगावर काटा येतो. किल्ली मारली आणि इंजिन गरजलं. मी टोपणावरची धूळ नखानं खरवडली, तर खाली माझीच पट्टी.

"ही मी लावली," मी म्हणाले. तुम्ही खदाखदा हसलात. "अगं, तिचं नाकच दाबलंस की! पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा नको काय आत यायला?" मी पट्टी उपटून फेकली. रोग शोधला होता, दोघांनी मिळून, आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मागून आवाज आला, "लगू होगोणरी."

तुम्ही त्या घरात गेलात आणि मला बाहेरच थांबायला सांगितलंत. मी जीपमध्ये बसून तोटी इकडून तिकडं फिरवत राहिले. आतून काहीच आवाज येत नव्हता, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. बऱ्याच वेळानं तुम्ही बाहेर आलात. हात फार वेळ धुतलेत. तो माणूस निरोप द्यायला आला नाही. मी धावत जाऊन सांगितलं, "अप्पा, अजून पाऊण टाकी शिल्लक आहे!" तुम्ही म्हणालात, "छान." मग म्हणालात, "तू चालव." परतीच्या सबंध वाटेवर तुम्ही टाकीबद्दलच बोलत होता, माझ्या निदानाची तारीफ करत होता. इतकी तारीफ तुम्ही कधीच कुणाची केली नव्हती.

पुढं मी स्वतः डॉक्टर झाले. पहिल्यांदा एका घरातून तशीच बाहेर येऊन हात धूत उभी राहिले, तेव्हा तुमचं ते "छान" मला ऐकू आलं. अप्पा, ती बाई वाचली का? आपला वाटेत सव्वा तास गेला होता. मी घड्याळ बघितलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण समोरासमोर बसून जेवलो, आणि मी विचारलं नाही. आज विचारायचं म्हणूनच लिहायला बसले, तर टाकीचंच सगळं लिहून झालं. उत्तर येणार नाही याची खात्री आहे, म्हणून विचारते आहे.