सिम्युलेटरमधला ऊस का थरथरतो

३ ऑक्टोबर, मिरजगाव
विक्रेत्याला पाठवायचा घटनाक्रम. भावना वगळून.
१. नवा गेमिंग कॉम्प्युटर घेतला. सुटे भाग मी स्वतः जोडले.
२. त्याला केबलने व्हीआर हेडसेट जोडला.
३. मी बनवलेला ऊसतोडणी हार्वेस्टरचा सिम्युलेटर चालवला. सेकंदाला नव्वद फ्रेम. चित्र स्थिर.
४. थोड्या वेळाने फ्रेम निम्म्यावर. मान वळवली की ऊस मागाहून वळतो.
५. जोडणीत दोष नाही. मी तपासली आहे.
निष्कर्ष: हेडसेट सदोष.

१० तारखेला कारखान्याचे शेतकी अधिकारी सहादेव सर डेमो पाहायला येणार. पसंत पडला तर हार्वेस्टर चालवायला शिकणाऱ्या बायकांची पहिली बॅच आमच्या गाळ्यात. पहिलं नाव खर्ड्याच्या झुंबरबाईंचं. बॅच मंजूर झाली तर यंदा त्या टोळीबरोबर तोडणीला जाणार नाहीत. सगळं नियोजनाप्रमाणे आहे.

४ ऑक्टोबर
ड्रायव्हर पुन्हा टाकला. फरक नाही. केबल बदलली. फरक नाही. विक्रेत्याचं उत्तर: कॉम्प्युटरचं तापमान कळवा, कॅबिनेटचा फोटो पाठवा. तापमान जास्त आहे, पण ऑक्टोबर आहे आणि मिरजगाव आहे. फोटो पाठवणार नाही. दोष हेडसेटचा असताना कॅबिनेटचा फोटो मागणं हा वेळकाढूपणा.

५ ऑक्टोबर
अप्पा माझे वडील. त्यांच्या ट्रॅक्टरच्या सीटवर अजून कंपनीचं प्लास्टिक आहे. उन्हात अंगाला चिकटतं, बसलं की कुरकुरतं. फ्रिजच्या दारावरही तेच. टीव्हीचा रिमोट पिशवीत. मी स्पष्ट सांगितलं, वस्तू वापरायला असते. अप्पा म्हणाले, "नवी हाय तवर नवी राहू दे की." या मानसिकतेवर तंत्रज्ञानाकडे उपाय नाही.
नोंद: कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर मी त्याच्याच खोक्यातली पिशवी ताणून चिकटवली आहे. हायवेची धूळ. हा तांत्रिक निर्णय आहे.

७ ऑक्टोबर
झुंबरबाई ट्रायलला आल्या. आधी छान चालवलं. मग म्हणाल्या, "आगं पंकजा, ऊस हालतोय का मी?" खुर्ची दोन्ही हातांनी धरली. हेडसेट काढून म्हणाल्या, "मशीनवर बसाया आले हुते, जत्रंतल्या पाळन्यात कशापायी बसीवलंस?" पाणी दिलं. मग हळूच, "दिवाळी झाली का मुकादम टेम्पो घिऊन दारात येतोय. त्याला काय सांगू?" मी म्हणाले, येत नाही म्हणून सांगा. हे कशाच्या आधारावर म्हणाले, ते नंतर लिहीन.

८ ऑक्टोबर
ग्राफिक्स कमी केले. उसाची पानं काढून टाकली. आता तो बांबूसारखा दिसतो आणि बांबूसारखा थरथरतो. विजेचा दाब कमी असणार. स्टॅबिलायझर लावला. त्यावर दाब योग्य दिसतो. स्टॅबिलायझर बिघडलेला असणार.

९ ऑक्टोबर
उद्याची योजना. डेमो लहान ठेवायचा. फ्रेम पडायच्या आत सरांच्या डोक्यावरून हेडसेट काढून घ्यायचा. हातात लगेच चहा. धोका शून्य.

१० ऑक्टोबर
सरांनी हेडसेट काढू दिला नाही. त्यांना आवडला होता. "थांबा हो मॅडम, एवढी सरी संपवू द्या." सरी संपली नाही. ऊस थरथरला, मग आडवा झाला, पाठोपाठ सर चहाच्या ट्रेवर. उठून शर्ट झटकत म्हणाले, "बायकांना यात बसवायचं? त्यापेक्षा खरं मशीन बरं, ते निदान एका जागी उभं राहतं."
झुंबरबाई दारातून बघत होत्या. सर गेल्यावर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जाते. कोयत्याला धार लावायची राह्यलीय."
विक्रेत्याला कडक मेल पाठवला.

११ ऑक्टोबर
सकाळी ट्रॅक्टरची सीट काळी कुळकुळीत. प्लास्टिक गायब. अप्पा म्हणाले, "तू म्हनलीस म्हनून फाडलं. बसाया लई बेस वाटतंय. आता तुझंबी काढ की." मी शांतपणे समजावलं, की दोन्हींची तुलना होत नाही. सीट नुसती सीट असते. कॅबिनेटचे पंखे त्या जाळीतून हवा आत ओढतात, त्या हवेवर ग्राफिक्स कार्ड थंड राहतं, म्हणून तर जाळी
वाक्य पूर्ण केलं नाही.
पिशवी काढली. नव्वद फ्रेम. दुपारभर नव्वद. पानं परत लावली, तरी नव्वद. अप्पांनी विचारलं, काय झालं. ड्रायव्हर अपडेट झाला, म्हणाले. ते पिशवीकडे बघून म्हणाले, "व्हय व्हय. माज्या सीटचाबी कालच झाला."

१२ ऑक्टोबर
विक्रेत्याकडे केलेली तक्रार मागे घेतली. कारण लिहिलं: स्थानिक हवामान.
झुंबरबाईंना फोन केला. मुकादमाला त्यांनी येते म्हणून कळवलंय. म्हणाल्या, "तुजं मशीन उभं राह्यलं तर सांग. तवर मी कोयता बांधून ठिवलाय."
सहादेव सरांना मेसेज पाठवला. त्यातला ‘मी’ आधी काढला होता. परत टाकला. प्रत:

नमस्कार सर. शुक्रवारचा बिघाड हेडसेटचा नव्हता. कॅबिनेटच्या जाळीवर मी लावलेल्या प्लास्टिकने हवा बंद झाली होती. ते काढलं आहे. डेमो आणखी एकदा पाहावा, ही विनंती. दिवाळी झाली की झुंबरबाईंची टोळी निघेल. म्हणून होकार असो वा नकार, शनिवार, १८ ऑक्टोबरपर्यंत कळवावं.