तरोट्याचं चित्र

६ जुलै
रिसोड-वाशीम, दुपारची फेरी. रिठदला एक म्हातारी काखेत तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याच्या रानभाजीचं, गाठोडं घेऊन चढली. कोवळी पानं, गाडीभर उग्र हिरवा वास. मागच्या सीटवरचा एक जण म्हणे, "आजी, याले ढोरंबी तोंड लावत नाहीत. तुमी कायले नेता?" तिने गाठोडं पदराखाली ओढून घेतलं. तिला तिकीट देता देताच ठरलं. वाशीमच्या प्रदर्शनाला स्थिरचित्र द्यायचंय, विषय भाज्या. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेपासून दोन वांगी, एक टमाटा, मागे तांब्या, हेच काढत आलेय. यंदा तरोटा.

९ जुलै, रेस्ट
आसेगावला मायकडे. घरामागे तरोटा वीतभर आलाय. खुडायला बसले तर माय दारात.
"भाजी कराची का?"
"नाही. चित्र काढाचं हाये."
"लोकं वांगे काढतात, आंबे काढतात. तुले तरोटाच भेटला?"
मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "म्या तुले या भाजीतून बाहीर काढलं, संगे. आन तू तिलेच भिंतीवर टांगून राह्यली?"
पेरणी झाली की निंदण निघेपर्यंत तिच्या हाताला काम नसायचं. तेव्हा दोन्ही वेळा तरोटा-भाकर. शाळेत गढीकडच्या, पाटलांच्या आळीतल्या पोरी मला 'तरोटी' म्हणायच्या. ते तिला कळलं तेव्हा ती खुरपं हातात घेऊन शाळेत आली होती.
तरी जुडी घेऊन निघाले. तिने निरोपही दिला नाही.

१३ जुलै
तरोटा भलताच नाटकी. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. ड्युटीवरून येईपर्यंत साहेब झोपलेले. म्हणून सकाळच्या फेरीआधी रंगवते. डेपोमागून रोज ताजी आणलेली जुडी, जर्मनचा गंज (मायचं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं), लसणाचा गड्डा, अर्धी भाकर. मागे नुसती मातीची भिंत. हिरवा काही केल्या जमत नाही. पिवळा जरा जास्त झाला की कोथिंबीरच दिसते.

२० जुलै
जमला!! देठाशी थोडा तपकिरी हवा होता, बस. धुतलेल्या पानावरचं पाणीसुद्धा आलं. एकटीनेच टाळ्या वाजवल्या. शेजारीण बघायला आली, काय झालं म्हणून.

२६ जुलै
चित्र जमा केलं. संयोजक सर चष्मा वर-खाली करून बघत राहिले. "ताई, विषय भाज्यांचा आहे. हे तर गवत वाटतं. बाजूला एखादं वांगं टाका, लोकांना कळेल तरी."
"ज्याले कळाचं त्याले कळन, सर."
घेतलं. पण लावणार जिन्याखाली, चपला काढतात तिथे.

२ ऑगस्ट
उद्घाटन. माय आली नाही. मोठ्या भोपळ्याच्या चित्रासमोर फोटोसाठी रांग. माझ्या चित्रासमोर चपला.

३ ऑगस्ट
आजचं सगळं लिहून ठेवायचंय, विसरायच्या आत.
सकाळी आसेगावच्या थांब्यावर माय! विहारातल्या कार्यक्रमाची पांढरी साडी नेसून माझ्याच गाडीत चढली. "लोकं हसतात का, ते पाहाले येऊन राह्यली," एवढंच बोलली.
ड्युटी संपल्यावर तिला घेऊन गेले. जिन्याखाली यमुनाबाई काठी टेकून उभ्या, आमच्याच गावच्या, गढीजवळच्या. नातीबरोबर आल्या होत्या. चित्राकडे एकटक बघत होत्या. मायला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आमीबी खाल्ला हा. दार लावून खाल्ला. सासू म्हणे, कोणाले दिसू देऊ नको."
माय म्हणाली, "दार लावून? आमच्या घराले दारच नव्हतं, बाई."
मग माय हसली. आधी ती हसली, मग यमुनाबाई, डोळे पुसत. मग नात, मी, सगळेच.
त्यानंतर जी गर्दी जमली! एक बाई म्हणे, आमच्या धनज गावाले त्यात चण्याची दाळ टाकतात. दुसरी म्हणे, कोवळाच पाहिजे, नाहीतर कडू लागते. माय मधोमध उभी राहून सांगते, "हे माह्या पोरीनं काढलं. तो गंज माहाच हाये."
सर धावत आले, चित्र वर हॉलमध्ये लावतो म्हणाले. माय म्हणे, "राहू द्या इथंच. चपला तुमी हलवा."
चपला हलवल्या!

५ ऑगस्ट
पहिलं बक्षीस!!! मंगरूळपीर स्टँडवर फोन आला. ड्रायव्हरभाऊंनी हॉर्न दाबूनच धरला. प्रवासी वैतागले, कारण कळल्यावर टाळ्या. मायला सांगितलं तर म्हणे, "मंग? परीक्षकाईच्या मायनंबी खाल्ला असन."

१५ ऑगस्ट
चित्र आसेगावला आणलं. मायने स्वतः जागा दाखवली. समोरच्या खोलीत, रस्त्यावरून दिसेल असं. "दार उघडंच ठेवाचं," म्हणाली.

१७ ऑगस्ट
यमुनाबाईंनी नातीकडून निरोप पाठवला, आज जेवायला येते. गढीकडचं कोणी आमच्या घरी कधी जेवलेलं नाही. चहासुद्धा अंगणातूनच नको म्हणायचे. माय सकाळपासून पुन्हा पुन्हा विचारतेय, "येतीन का वो खरंच?" मी म्हटलं, येतील. मनातून मलाही कुठे खात्री.
भाजी झाली, भाकरी टोपल्यात. अंगण परत झाडतेय ती. मी ओट्यावर बसून लिहितेय. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी आलंय, दोघी दिसतात, एक काठी टेकत. वही मिटते.