हौसाक्काची खुर्ची

९ ऑक्टोबर १९९८

आज नगराध्यक्ष झाले. गुलाल कानात गेलाय तो निघता निघत नाही. हार मला कमी, ह्यांना जास्त. फोटोवाला मला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला," आणि ह्यांचा एकट्यांचा फोटो काढला.

संध्याकाळी मालकांच्या बंगल्यावर. मालक म्हणजे आमच्या आघाडीचे नेते, अख्खी न.पा. त्यांच्या खिशात. खुर्चीवर बसायच्या आधी राजीनामा लिहून द्यायचा, ही इथली रीत. महिला राखीव पदाची खांडोळी केलेली आहे. आधी मी, मग जैबूनभाभी, मग आणखी कुणी. प्रत्येकीच्या वाट्याला थोडे थोडे महिने. राजीनामा जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, खाली माझी सही, तारखेची जागा कोरी. विचारलं, तारीख?

"ती आमच्याकडं ऱ्हाऊ द्या ताई. तुम्हास्नी कशाला तरास?"

सगळे हसले. मीही हसले. कशाला हसले कुणास ठाऊक.

१४ ऑक्टोबर

केबिनमध्ये माझी खुर्ची मोठी, पण फाईल आधी ह्यांच्याकडं जाते. हे वाचतात, पान उघडून बोट ठेवतात, "हितं." मी सही करते. शिपाई चहासुद्धा आधी ह्यांनाच देतो. पंपाचं दुकान पोरावर सोडून इथंच मुक्काम.

घरी विषय काढला. "अगं तुला कटकट नको म्हणून बसतोय मी." मला कटकटच हवी होती, हे कसं सांगायचं!

एक तरी काम माझं स्वतःचं झालं पाहिजे. गटार, दिवे ही होतीलच, नाही झाली तरी मालक झाली म्हणून सांगतील. मला हौसाक्का आठवते आहे. माझी आई, अव्वा, असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

२० ऑक्टोबर

कोल्हापूरला गेले. माहेरच्या लग्नाची साडी बघायची म्हणून सांगितलं, नाहीतर हे सोबत आले असते. शाहूपुरीत दुकानांच्या मागं एक खोली. हौसाक्का तिथं एकटी राहते.

ही आमच्याच गावची. लहान वयात घर सोडून कोल्हापूरला स्टुडिओत आली आणि पडद्यावर राणी झाली. कुठलाही राणीचा सिनेमा असो, तलवार घेऊन घोड्यावर हीच. अव्वा देवळात जाते म्हणून सांगून तिचे सिनेमे बघायची. गावानं मात्र तिला टाकलं. तिची आई वारली तेव्हा ती मोटार करून आली होती, तर पंचांनी चौकातूनच परत पाठवलं. आईचं तोंड बघू दिलं नाही. अव्वा तेव्हा चौकात उभी होती. हे सांगताना ती दरवेळी रडायची.

अक्का आता वाळून गेली आहे. आवाज मात्र अजून खणखणीत. मी म्हटलं, गावात तुमचा सत्कार करायचा आहे. मग म्हणाली, "शाल नको, नारळ नको. त्याच चौकात मला खुर्चीवर बसवा. आन् गावानं म्होरं खाली बसावं. घटकाभर. बास."

"एवढंच?"

"एवढंच म्हंतीस? करून बघ की."

घोड्याचं विचारलं. म्हणाली, "लाकडाचा हुता गं. खालनं दोघंजण हलवायचे. एकदा त्यातला एक झोपला, तर माझा घोडा निम्माच पळाला." इतकी हसली की खोकला आला. खुंटीवर नऊवारी होती, जरीची. परत येताना एसटीत मला उगीच हलकं वाटत होतं.

२ नोव्हेंबर

सर्वसाधारण सभा. ठराव मीच मांडला. ह्यांना आदल्या दिवशी सांगितलं तेव्हा "बघू" म्हणाले होते. आण्णा सावकार, सभागृहातले सगळ्यांत जुने, उठले. "नाचनाऱ्या बाईचा सत्कार न.पा. करनार व्हय?"

मी म्हटलं, "आण्णा, ती राणी व्हायची. आणि तिचा एकही पिक्चर तुम्ही चुकवलेला नाही. पुढच्या रांगेत असायचा. माझ्या अव्वानं बघितलंय तुम्हाला."

"मग तुजी अव्वा तितं काय करत हुती?"

सभागृहात हशा पिकला. आण्णापण हसत खाली बसले. ठराव एकमतानं मंजूर. बोट न ठेवता केलेली माझी पहिली सही. अक्षर जरा वाकडं आलं.

१२ नोव्हेंबर

मालक म्हणाले, "ताई, नुसती म्हातारी आणून बसवली तर कोन येनार? मंत्रीसाहेबांस्नी आणू. कार्यक्रम मोठा करू." म्हटलं, तिला मोठा नकोय. "आवो तिला नको, पन गावाला पायजे का न्हाय?" हे मान हलवत होते. घरी भांडले. उपयोग नाही.

म्हणजे आता साहेबांची तारीख. अक्काच्या शेजारी शिंप्याचं दुकान आहे, फोन तिथं. तिनंच केला होता. "ठरलं का गं?" म्हटलं, कळवते.

२५ नोव्हें.

तारीख नाही. अक्काचा फोन. कळवते म्हटलं.

५ डिसेंबर

तारीख मिळाली! २० डिसेंबर, रविवार. अक्काला कळवलं तर तिकडून नुसतं "बरं." मग शिंपी बोलला, "मावशी रडत्यात ओ."

१३ डिसेंबर

पत्रिका छापून आल्या. हे स्वतः शाहूपुरीत प्रेसमध्ये बसून करून घेऊन आले. गुळगुळीत कागद, मंत्रीसाहेबांचा फोटो, मालकांचा त्याहून जरा मोठा. खाली सगळे सभापती, माजी सभापती, आजी-माजी संचालक, कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून दोन दिवस धुमसत होते ते सगळे. माझं नाव आहे, आणि कंसात ह्यांचं.

दोनदा वाचली. हौसाक्काचं नाव कुठंच नाही. "गावच्या ज्येष्ठ कलावती भगिनीचा भव्य सत्कार." बस्स.

"अगं, सगळी नावं बसवता बसवता ऱ्हायलं. जागाच न्हवती."

"मग एखादं कमी करा."

"कुणाचं?"

खरंच कुणाचं? हिंमत माझ्यातही नाही. ज्याचं काढू तो दुसऱ्या दिवशी विरोधी गटात. शेवटी रबरी शिक्का करून आणला आणि प्रत्येक पत्रिकेवर खाली कोपऱ्यात मी स्वतः तिचं नाव मारलं. पन्नासेक झाल्यावर शाई पुसट झाली.

२१ डिसेंबर

कालचं कसं लिहू.

परवा दुपारी निरोप आला, साहेब दिल्लीला, कार्यक्रम पुढं ढकलला. मग धावपळ. बँडवाल्याला कळवलं. मंडपवाल्याला कळवलं. लेझीमच्या मुलींच्या बाईंना कळवलं. मालकांनी जेवणाचं सांगितलं होतं त्या आचाऱ्याला कळवलं. मला वाटलं, हे शिंप्याकडं फोन करतील. ह्यांना वाटलं, मी केला असेल. न.पा.तल्या साहेबांना वाटलं, अध्यक्षांचा पाहुणा, अध्यक्ष बघतील. जिच्यासाठी सगळं होतं तिला कुणी कळवलंच नाही.

मी काल सकाळपासून मालकांच्या बंगल्यावर, पुढच्या तारखेच्या चर्चेला. चर्चेत मला कुणी काही विचारलं नाही. चहा झाला.

अक्का सकाळच्या गाडीनं आली. जरीची नऊवारी, नथ. चौकात निम्मा मंडप उतरवलेला. चौकातल्या कासारणीनं, रुक्मिणनं, मला सांगितलं. अक्का गेली, एका खुर्चीवर बसली. कुणी ओळखलं नाही. मंडपवाला आला, "आजी, उठा की, खुर्च्या जयसिंगपूरला न्यायच्यात, लगीन हाय." ती उठली. "ने बाबा. लगीन मोठं," म्हणाली. रुक्मिणनं पाणी दिलं. मग स्टँडवर जाऊन बसली आणि परतीच्या गाडीनं गेली.

माझं घर चौकापासून हाकेच्या अंतरावर.

२३ डिसेंबर

शाहूपुरीला जाऊन आले. पाय धरले. तिनं धरू दिले नाहीत.

"त्या चौकातनं मला दुसऱ्यांदा परत धाडलंसा."

बसून राहिले. मग तिनंच चहा टाकला. म्हणाली, "तूबी आता राणीच की गं. किती दिसांची?" तिला तारीख नसलेल्या राजीनाम्याचं सांगितलं. आजवर बाहेर कुणाला बोलले नव्हते. ती ऐकत राहिली. "आमच्या स्टुडिओत शूटिंग संपलं की मुकुट काढून घ्यायचे. पन सांगून घ्यायचे."

निघताना म्हणाली, "मी अजून येनार हाय बरं का. तू बोलव निस्तं."

ह्यांच्यावर राग आहे. स्वतःवर जास्त.

१८ जानेवारी १९९९

मालकांच्या मागं लागून लागून फेब्रुवारीतली तारीख मिळवली. साहेब आले तर आले, न आले तरी कार्यक्रम करायचा, असं वदवून घेतलं. मालक "व्हय व्हय" म्हणाले. फोनवर टीव्ही बघत बोलत होते बहुतेक.

३० जानेवारी

सकाळी चहा घेताना पेपर उघडला. आतल्या पानावर "नगराध्यक्षांचा राजीनामा." माझा फोटो. वैयक्तिक कारणास्तव म्हणे. मला पेपरातून कळलं की मला वैयक्तिक कारण आहे.

न.पा.त जाऊन प्रत बघितली. सही माझी. तारीख दुसऱ्याच अक्षरात, निळ्या शाईत. माझी शाई काळी.

ह्यांना कालच माहीत होतं.

"ठरल्यालंच हुतं की ते."

"जायचं ठरलं होतं. मला सांगायचं नाही, हे कधी ठरलं?"

"भाभीच्या गटानं ताणून धरलं हुतं. मालकांचाबी नाइलाज झाला."

मालकांचा नाइलाज! मला हसूच आलं. नंतर मोरीत जाऊन रडले. केबिनमधला डबा आणि अव्वाचा फोटो शिपाई घरी आणून देऊन गेला.

१० फेब्रुवारी

जैबूनभाभी अध्यक्ष झाल्या. पेढे घेऊन घरी आल्या. बाई मनानं चांगली. माझा हात धरून म्हणाल्या, "शोभाताई, अक्काचा कार्यक्रम मी करनार. अल्ला की कसम." मग आवाज खाली करून, "मगर तारीख मालकच देनार ना."

"राजीनामा लिहून दिला?"

"दिया."

"तारीख?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बाहेर सोप्यावर त्यांचे मिस्टर आणि आमचे हे चहा पीत होते, मोठ्यानं हसत होते. आम्ही दोघी आत स्वयंपाकघरात.

१५ मार्च

फेब्रुवारीची तारीख कधीच गेली. विचारलं की, फाईल चालू आहे. शिंप्याचा फोन आला, म्हणून कोल्हापूरला गेले. अक्काला दम लागतो. डॉक्टरांनी जिने, प्रवास बंद सांगितलाय. सुजलेले पाय उशीवर ठेवून बसली होती.

मी सुरू केलं, मी आता अध्यक्ष नाही, तरी मी...

"ते ठावं हाय मला. घरात खुर्ची हाय का न्हाय तुझ्या?"

"आहे."

"मग ती आन चौकात. सोमवारी बाजार असतोय. मी येती. मंत्री नको आन् संत्री नको."

"डॉक्टर नको म्हणतात ना, अक्का."

"डाक्टर काय माझ्या गावचा हाय?"

नाही म्हणता आलं नाही. हो म्हटलं खरं, पण वाटेत काही झालं तर?

२२ मार्च

सरळ खुर्ची नेऊन ठेवायची, तर हे म्हणाले, परवानगी घे, नाहीतर विरोधक बोंबलतील. अर्ज केला. येत्या सोमवारी एक खुर्ची, चौकात, घटकाभर. ज्या टेबलावर मी सह्या करत होते त्याच टेबलाच्या अलीकडं उभी राहिले. मुख्याधिकारी म्हणाले, रहदारीचा प्रश्न आहे, पोलिसांचा ना हरकत लागेल, अध्यक्षांची शिफारस लागेल. भाभींनी पेन उचललं. शेजारी त्यांचे मिस्टर बसलेले. ते म्हणाले, "एकदा आघाडीत इचारून घेऊ." भाभींनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघवेना तिला. मलाही तिच्याकडं बघवलं नाही. दोन महिन्यांपूर्वी मीच बसले होते तिथं.

२८ मार्च, रविवार

परवानगी आली नाही. नाकारलीही नाही.

दुपारी शिंप्याकडं फोन करून सांगितलं, अक्काला म्हणावं, पुढच्या बाजाराला बघू. तो म्हणाला, "मावशी ऐकत न्हाईत. सकाळीच नऊवारी इस्त्रीला दिलीया. माझा भाचा आणून सोडतोय गाडीत." मागून तिचा आवाज ऐकू आला. "तिला म्हनावं, खुर्ची पाठीची आन. बिनपाठीची नको."

रुक्मिणला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, गिऱ्हाईक नसंल तर बसते म्होरं. आण्णा सावकारांना सांगितलं, ते "बघू" म्हणाले. पुढं खाली कोण बसेल सांगता येत नाही. मी तर बसणार.

पाठीची खुर्ची घरात एकच, ह्यांची. संध्याकाळी पुसून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. ह्यांनी ती आत नेली. मी परत बाहेर ठेवली. भाकरी करून येऊन बघते तर परत आत, आणि हे त्याच खुर्चीवर बसून पेपर वाचताहेत.

अक्का उद्या पहाटेच निघणार.