घरातलं नाव

२ फेब्रुवारी
ती. आत्यास,
सा. न.

तर फोन कट झाला तेव्हा सांगत होतो ते हे, की माझं काम नुसतं फोटो टाकायचं नाही. साहेबांचं म्हणणं प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पोचवायचं, ते आमची टीम करते. बाबांनी ज्यांची पोस्टरं आयुष्यभर भिंतींवर चिकटवली, त्यांच्याच ऑफिसात मी आता एसीत बसतो. भारी ना?

तुझ्यासाठी एक सरप्राइज आहे. फोन जवळ ठेव. आणि पाण्याच्या मोर्च्याच्या गडबडीत गोळ्या विसरू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा ठोंब्या

९ फेब्रुवारी
चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

फोन आला रे, खुद्द साहेबांचा. ‘टिचके, कशी आहेस?’ म्हणाले. पिठाचे हात तसेच राहिले माझे. दादाशिवाय या नावानं मला कुणी हाक मारली नाही, आणि तो गेल्यापासून तर कुणीच नाही. म्हणजे तो त्यांच्यापाशी बसून घरचं बोलायचा. आणि आपण त्याला चिडवायचो, साहेबांना तुझं नाव तरी ठाऊक आहे का म्हणून. मी तर सगळ्यात जास्त. त्याच्या फोटोपुढे उभं राहून माफी मागितली.

मी मध्ये बोलले, पण ते आपले बोलतच राहिले. मोठी माणसं, त्यांना सवड कुठली. पाणी नक्की येईल म्हणाले. रिकाम्या बादल्या घेऊन त्यांच्या ऑफिसावर जायचं होतं ना, ते मी रद्द केलं. वरची शिवणवाली म्हणाली, एका फोनवर विरघळलीस. म्हटलं, घरच्या माणसावर कुणी मोर्चा नेतं का?

साहेबांना एवढं विचार, दादा माझ्याबद्दल काय काय सांगायचा.

तब्येत सांभाळ, म्हातारीवर माया असू दे.
आत्या

१४ फेब्रुवारी
ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. मग टेबलापाशी जाऊन बसवेना.

आत्या, तो फोन साहेबांनी केलाच नव्हता. त्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरलाय. आम्ही नाव टाईप करायचं, तो बोलतो. तुझं नाव मीच टाकलं. वाटलं, तू हसशील आणि माझे कान उपटशील. मशीन आहे हे मला कळतं, म्हणून तुलाही कळेल असं धरून चाललो. पाण्याचं वाक्य तर सगळ्यांनाच जातं.

तरी साहेबांना बाबांचं नाव सांगून बघितलं. छान हसले. म्हणाले, हो हो, जुना माणूस, नमस्कार सांग त्यांना. आणि मी, त्यांचा मुलगा, ‘सांगतो सर’ म्हणालो.

मोर्चा रद्द झाल्याचं इथे आधीच कळलं होतं. आमच्या हेडनं माझी पाठ थोपटली. आता प्रत्येक घरातली लाडाची नावं गोळा करा म्हणतो. बाबांनी जे नाव उंबऱ्याबाहेर नेलं नाही, ते मी नेलं.

रविवारी येतोय. तुमच्या जिन्यात उभा राहून सगळ्या बायकांना खरं सांगेन म्हणतो. पण मग शिवणवाली तुलाच हसेल. आणि गप्प बसलो तर बादल्या रिकाम्याच राहतील.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही.
तुझा ठोंब्या

ता. क. मी सांगू, की आधी तू सांगशील? तुला काय वाटतं?