कोरड्या विहिरीवरचा सायलेन्सर

४ मार्च
आवाज मोजायचा मीटर लावला आणि अब्रू गेली. गाडी चालू केली तेव्हा वर्कशॉपच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती परत आलीच नाहीत. मर्यादेच्या कितीतरी वर आवाज. लातूरला कॉलेजांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा, तिथल्या तपासणीत पहिलीच चाचणी आवाजाची. तिथं नापास म्हणजे ट्रॅकवर सोडतच नाहीत. दोन वर्षं खपून बनवलेली स्पोर्ट्स कार, एक सीट, छप्पर नाही, बाईकचं इंजिन. आणि चालवणार मी. टीमची ड्रायव्हर मुलगी, यावरून कॉलेजात आधीच पुष्कळ बोलून झालंय. नापास झालो तर बोलणाऱ्यांची दिवाळी.
का. सर (काळे सर, आमचे गाइड) एवढंच म्हणाले, "बघा आता तुमचं तुम्ही." बघतोय.

६ मार्च
सायलेन्सर शोधणं चालू. पुण्याचा तयार माल: किंमत पाहिली, पान बंद केलं. बुलेटचे बाजारातले: ते आवाज वाढवायलाच घेतात लोक. स्कूटरचा: आमच्या इंजिनाचा श्वास कोंडेल. इम्रानचं म्हणणं, जाड पत्र्याचं नुसतं कवच मिळालं तरी पुरे. आतलं सगळं काढायचं, भोकं पाडलेली नळी घालायची, भोवती आवाज गिळायला ग्लास वूल, म्हणजे काचेचा कापूस, ठासायचं. इम्रान म्हणजे आमचा वेल्डर, अहमदपूरचा, वडलांचं तिथं गॅरेज. सध्या "आम्ही उदगीर जिल्ह्यात जाणार" हे दिवसातून एकदा तरी सांगतो. हा नवा जिल्हा अजून कागदावरही नाही.

७ मार्च
देगलूर नाक्याकडं भंगारात गेलो. पंपाच्या डिझेल इंजिनांचे सायलेन्सर ढिगानं पडलेले. दुकानवाले चाचा म्हणाले, "यंदा इंजिनंच इंजिनं येऊन राहिली, बेटा. हिरी आटल्या, लोक इंजिन ठिवून काय करतील?" मी ढिगात ओळखीचं काही दिसतंय का ते बघत राहिले. वेडेपणा. आमचं इंजिन तर अजून घरी विहिरीवरच आहे.
एकही उपयोगाचा नाही. स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार.

९ मार्च
हॉस्टेलला आंघोळीचं पाणी एक बादली. कपडे तसेच.
घरी फोन केला आणि तोंडातून सायलेन्सरचं निघून गेलं. बाबांनी लगेच विचारलं, "कसा पायजे?" मी म्हटलं, तुमचा नको.
आमची विहीर दिवाळीपासून कोरडी. तरी बाबा रोज झुंजुमुंजूला शेतात जातात, पंपाचा पट्टा काढतात, हँडल मारून इंजिन दोनचार मिनिटं चालवतात. "बसून गेलं तर पाणी आल्यावर काय करू?" हदगावाकडच्या आमच्या अख्ख्या गावात कोरड्या विहिरीवर इंजिन चालवणारा माणूस एकच. आजोबांच्या वेळचं ते इंजिन, जाड पत्र्याचं. आवाजही कसा, घोरल्यासारखा. शेताबाहेर ऐकू येत नाही.

१२ मार्च
बाबा आले. हदगावहून एसटीनं, हातात पोतं. पोत्यात सायलेन्सर.
मी चिडले. नको म्हटलं होतं ना. म्हणाले, "हिरीत पाणी न्हाई, तवर त्याला तिथं काय काम हाय? पाणी आलं की दुसरा घेऊ." मग गाडीभोवती एक फेरी मारली, सीटमध्ये हात घालून बघितलं. "मागं बसायला जागा न्हाई?" इम्रान हसला. मला हसू आलं नाही. पाणी आलं की, हे वाक्य ते किती सहज बोलतात.
कॅन्टीनला चला म्हटलं. "तुमच्याकडंच पाण्याची मारामार हाय," म्हणून तहानलेलेच गेले.

१४ मार्च
ग्राइंडर मीच धरला. इम्रान करत होता, मी दिला नाही. उभा चिरला, आत बोटभर काजळी. नळी, ग्लास वूल, वेल्डिंग. मीटर मर्यादेच्या आत, अगदी काठावर, पण आत. का. सरांनी तीनदा मोजायला लावलं. मी वर्कशॉपमध्ये नाचले. पाहणाऱ्यांनी पाहिलं.

१८ मार्च
आईचा फोन. हसत होती. बाबा आता इंजिन सायलेन्सरशिवाय, उघडंच चालवतात, पहाटे सगळं गाव दणाणतं. शेजारची कौसामावशी घागर घेऊन धावत विहिरीवर. "भाऊ, पाणी लागलं का?" तिच्यामागं अजून सातआठ बाया. बाबांनी बाजूला होऊन विहीर दाखवली. बाया हसल्या, गेल्या.
मीही हसले. पण रिकाम्या घागरी परत नेताना कुणाला किती हसू येतं?

२१ मार्च
घरून फोन. टँकर आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारापर्यंत यायचा. तीन दिवस झाले, वस्तीत न येता शाळेपासूनच वळून जातो. पंचायतीत कुणी तरी म्हणालं, त्या वस्तीला पाणी हाय, रोज पहाटं इंजिन चालतं, समद्यांनी ऐकलंय. बाबा म्हणाले, हीर उघडी हाय, येऊन बघा. तर म्हणे, अंधारात उपसून लपवता, दिवसा काय दिसणार? आता यावर माणसानं काय बोलावं?
बाबांनी इंजिन बंद केलं. तर लगेच, "बघा, सापडला म्हून बंद केलं."
बाबा तहसीलच्या एका साहेबाला भेटून आले. साहेबाच्या तोंडीही नवा जिल्हा, आमच्या बाजूला व्हायचाय तो. तुमचा तालुका तिकडं जातो का इकडं राहतो, ते आधी ठरू द्या.

२२ मार्च
आईला विचारलं, बाबा सरळ सांगत का नाहीत? सायलेन्सर काढला म्हणून आवाज वाढला, एवढंच तर आहे.
आई म्हणाली, "कुटं गेला म्हून इचारतील. पोरीच्या शर्यतीच्या गाडीला दिला, असं सांगू? तुझं नाव चव्हाट्यावर आणायचं न्हाई म्हणतेत."
म्हणजे माझ्यासाठी. अख्खी वस्ती तहानलेली बसली आहे आणि बाबा माझं नाव सांभाळतायत. मला त्यांचा इतका राग आला की फोन ठेवून दिला. नंतर रडले.

२३ मार्च
इम्रानला सगळं सांगितलं. तो लगेच पाना घेऊन उठला. "काढून देतो. जसा होता तसा जोडून देतो." मीच थांबवलं. आता लावून काय उपयोग? आवाज नाही आला तर म्हणतील, आता गुपचूप उपसतो. सायलेन्सर परत नेऊन भागणार नाही. कुणी तरी तोंड उघडायला पाहिजे, आणि ते बाबा उघडणार नाहीत.
पंचायतीत बैठक २६ ला. लातूरला तपासणीही २६ ला.

२४ मार्च
का. सर: "तू नाहीस तर चालवणार कोण?" मी म्हटलं, इम्रान. इम्रान म्हणाला, "मी गाडी जोडतो, चालवत नाही." मग हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "चालवतो."
मला गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीये. मला चालवायची होती.

२५ मार्च
गाडी टेम्पोत चढवली. लातूरच्या कॉलेजचा निरोप, रेडिएटरचं पाणी आपापलं आणा. मी दोन कॅन भरून दिले, हॉस्टेलच्या माझ्या बादलीतून. मग एसटी स्टँड.

२६ मार्च, घरी
बैठक पारावर. मी उभी राहिले तेव्हा बाबा खाली बसलेले, मान खाली. मी सांगितलं. सायलेन्सर मी नेला, मी कापला, तो आज लातूरला माझ्या गाडीला आहे. मोबाइलवरचा फोटो फिरवला. एक म्हातारा फोटो डोळ्याजवळ नेऊन म्हणाला, "मंग ही गाडी कोन चालवतं?"
"मी."
कुणी हसलं. कुणी म्हणालं, फोटोनं काय होतं, हीर उपसली न्हाई कशावरनं? मी म्हटलं, उद्या पहाटे या. इंजिन उद्या परत चालवणार आहोत, त्याच्या आधी या, तुमच्या हातानं दोर सोडून बघा. टँकरचं? ते उद्या बघू म्हणाले.
घरी येताना बाबा एवढंच बोलले, "आता समद्यांला कळलं." राग होता की काय, मला समजलं नाही.
इम्रानचा मेसेज: आवाज पास. ट्रॅकची फेरी उद्या दुपारी, पोचतेस का? उत्तर दिलेलं नाही.

२७ मार्च
बाबा आणि मी अंधारातच विहिरीवर गेलो. वाटलं होतं कुणी येणार नाही. कौसामावशी आधीच बसलेली, घागर घेऊन. मी विचारलं, घागर कशाला आणली? म्हणाली, "असू दे, बाई." बांधावर चार पुरुष, काल "हीर उपसली न्हाई कशावरनं" म्हणणारा तोही. त्यानंच दगड बांधून दोर सोडला. तळाला दगड लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोर वर ओढला, त्यानं तो हातानं चाचपला, मग दुसऱ्याकडं दिला. दुसऱ्यानंही चाचपला. दोर कोरडाच.
बाबांनी पट्टा काढला आणि हँडल माझ्याकडं दिलं. दुसऱ्या झटक्याला लागलं. उघड्या नळीतून असा आवाज सुटला की कानठळ्या बसल्या. गावाकडून बाया येताना दिसल्या, डोक्यावर घागरी.
बाबा बंद कर म्हणत नव्हते. मीही केलं नाही. लपवायचं आता काही उरलं नव्हतं, ऐकू दे गावाला.